छत्रीवाल्या मास्तरांची चिठ्ठी

अप्पा,

परवा रविवारी देवनहळ्ळीला जाऊन आलो. धाकट्याच्या शाळेची नवी इमारत उघडली. तुम्ही असतात तर भाषणं सुरू व्हायच्या आधी एकटेच मागच्या बाजूला जाऊन भिंत बघून आला असतात, कारण काम बघायचं तर कपडा उलटा करून आतून बघावा, हे तुमचं म्हणणं. मीही गेलो. कोपरे सरळ आहेत. पुढच्या भिंतीवर जेवढा हात फिरवलाय तेवढाच मागच्या भिंतीवर फिरवलाय. मी तिथे उभा राहून मान हलवली आणि लगेच घाबरून परत फिरलो, कारण वाटलं की आता माझं नाव पुकारतील आणि मी जागेवर नसेन. माझं हे असंच आहे, तुम्हाला माहीत आहे. वय झालं म्हणून काही कमी झालेलं नाही, वाढलंच आहे.

धाकटा म्हणजे आपला पुट्टा. आता त्याला तसं म्हणता येत नाही. तुम्ही गेलात तेव्हा तो कॉलेजात होता. नंतर तीन वर्षांनी तो आपल्या लोकांच्या मठात राहायला गेला, आणि जुने स्वामी गेल्यावर त्यांच्या गादीवर बसला. हे तुम्ही पाहिलं नाहीत. भेटलो की मी त्याला वाकून नमस्कार करायचा, त्याने मला नाही, अशी रीत आहे. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, त्याचं नाक माझ्या सदऱ्याला पुसलेलं, तरीही. पहिल्यांदा वाकलो तेव्हा माझ्या कमरेत उसण भरली आणि मला उठताच येईना. तो गादीवरून हलला नाही, हलायचं नसतं, पण कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "अण्णा, स्वल्प सावकाश." तेवढ्यावर मी घरी येईपर्यंत खूश होतो.

त्या मठाची आणखी एक रीत आहे, ती तुम्हाला सांगायला मी इतकी वर्षं कचरत होतो. गादीवर बसलेल्या माणसाच्या अंगाला सुई लागलेलं कापड चालत नाही. एक भगवं वस्त्र नेसायचं, एक पांघरायचं, दोन्ही बिनशिवलेली. शिंप्याच्या मुलाने शिवलेला कपडा सोडला, ह्याचं मला तेव्हा फार लागलं होतं. तीन पिढ्या आपण टाके घातले आणि ह्याने एका सकाळी सगळे उतरवून ठेवले, असं काहीतरी मी तुमच्या सुनेला बोललोही. त्या दिवशी त्याने शेवटचा उतरवलेला कपडा म्हणजे तुम्ही कॉलेजसाठी शिवून दिलेला पांढरा सदरा. तो घडी करून त्याने माझ्या हातात दिला. माझ्या पेटीत आहे. आतून उलटा करून मी तो कितीदा पाहिला असेल. एक टाका सुटलेला नाही.

आता दुकान आठवतं. जुन्या बाजारात, पेटेतल्या गल्लीत, दोन मशीन मावतील एवढं रुंद, मागे कापायचं टेबल, टेबलाखाली चिंध्यांचा ढीग आणि त्या ढिगावर पाटी घेऊन बसलेला पुट्टा. तुम्हाला आकडे येत होते, टेप वाचता येत होती, पण अक्षर एकही येत नव्हतं, ना मराठी ना कन्नड. म्हणून मापाच्या वहीत तुम्ही नावाऐवजी चित्र काढायचात. चष्मा म्हणजे बँकेतले साहेब. घोडा म्हणजे टांगेवाल्यांचा मालक. छत्री म्हणजे माझ्या शाळेचे मास्तर, कारण ऊन असो पाऊस असो, त्यांच्या काखेत छत्री असायचीच. ती चित्रं बघून गिऱ्हाइकं हसायची आणि तुम्हीही हसायचात, पण एकदा नवीन पोस्टमनने सही मागितली आणि तुम्ही सुई बोटात टोचून घेतल्यासारखं करून आत निघून गेलात, ते मी पाहिलं होतं. मी सही केली. मी तेव्हा चौथीत होतो.

आणि ते खिशाचं. मी नुकताच मशीनवर बसायला लागलो होतो. चष्मेवाल्या साहेबांच्या शर्टाचा खिसा माझ्याकडून बोटभर वाकडा बसला. मला वाटलं, कोळशाची इस्त्री जोरात दाबली की बसेल, कुणाला दिसणार आहे. साहेब स्टुलावर बसून कॉफी पीत होते. तुम्ही शर्ट हातात घेतलात, उलटा केलात, माझ्याकडे बघितलंत. हात उचलला नाहीत. कधीच उचलला नाहीत. ब्लेडचं अर्धं पातं माझ्या तळहातावर ठेवलंत आणि साहेबांना म्हणालात, "साहेब, खिसा वाकडा झालाय. ह्याने शिवलाय, हाच उसवेल. थोडं बसा." मी त्यांच्या समोर, पायरीवर, रस्त्यावरच्या लोकांना दिसेल असा बसून उसवतोय. डोळ्यांतून पाणी गळतंय. तुम्ही मशीनवरून मान वर न करता म्हणताय, "कापडावर नको रे, डाग पडेल." आणि टेबलाखालून पुट्टा डोळे वटारून सगळं बघतोय, पाटीवरची पेन्सिल तोंडात.

त्याने किती बघून ठेवलं होतं ते मला फार उशिरा कळलं. त्याच्या शाळेत लाल शाई नाही, अप्पा. मास्तर मुलाच्या वहीत काट मारत नाहीत. ज्या ओळीत चूक आहे त्या ओळीसमोर समासात एक टिंब देतात, बाकी शोधायचं मुलाने, खोडायचं मुलाने, परत लिहायचं मुलाने. आणि दर सोमवारी सकाळी, प्रार्थना झाली की, एक मास्तर किंवा बाई पुढे येऊन सांगतात की गेल्या आठवड्यात माझ्याकडून शिकवताना काय चुकलं. मुलं ह्याची वाट बघत असतात! गणिताच्या बाईंनी एकदा सांगितलं की मी गुरुवारी तुम्हाला भागाकार चुकीचा दाखवला आणि नंतर कळूनही गप्प बसले, तर मागून एक पोरगी ओरडली, "मिस, मला तेव्हाच कळलं होतं!" एक मास्तर ह्या पद्धतीला कंटाळून नोकरी सोडून गेले. सरकारी साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "स्वामीजी, ही पद्धत कुठली? परदेशातली का?" तो म्हणाला, "पेटेतली." मी तिथेच खुर्चीवर होतो. माझी छाती इतकी भरून आली की मला वाटलं बीपी वाढलं, आणि मी गोळी घेतली.

दुसरा नियम त्याचा ह्याहून मोठा. घरातलं एक मूल घेतलं की त्या घरातली सगळी मुलं घ्यायची. धाकट्याला शाळेत घालून थोरलीला भांड्यांना जुंपायची, असं तो चालू देत नाही. देवनहळ्ळीच्या आसपास शेतं जाऊन घरांचे लेआउट झाले, तिथे बांधकामावर आलेली माणसं आहेत, फुलं तोडणारी माणसं आहेत. कुणी एक मुलगा घेऊन आलं की तो विचारतो, "बाकीची कुठे आहेत?" ती आल्याशिवाय नाव लिहीत नाही. लोक विचारतात हे कुठून आलं, तर तो गोष्ट सांगतो. माझ्या थोरल्या भावाने माझ्यासाठी पाचवीत शाळा सोडली, त्याच्या वाटचं मी शिकलो, ते माझ्या अंगावर आहे, आणि म्हणून ह्या शाळेत कुणी दुसऱ्याच्या वाटचं शिकणार नाही. तीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. लोक रडतात. मला बघायला येतात. एकदा एका बाईने माझे पाय धरले, मी पाय मागे घेतले तर चप्पल तिच्या हातात राहिली.

आणि ती गोष्ट खरी नाही. हे फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि तुम्हाला, आणि तुम्हाला माहीत होतं का ह्याचीही मला खात्री नाही.

गेल्या महिन्यात मठातून उद्घाटनाचं कार्ड आलं. मी आता मुलाकडे राहतो, जे. पी. नगरला. सून पुण्याची आहे, कंपनीत कामाला आहे, माझ्या मराठीला हसते पण प्रेमाने हसते. "बरं" म्हणायच्या जागी मी "सरी" म्हटलं की ती म्हणते, "बाबा, सरी म्हणजे पावसाच्या." तिने कार्ड उघडलं आणि मोठ्याने वाचलं. स्वामीजींचे पूर्वाश्रमीचे बंधू, ज्यांनी धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी स्वतःच्या शिक्षणाचा त्याग केला, त्यांचा सत्कार. ती कार्ड खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत!" मी म्हटलं, सांगण्यासारखं काही नाही. तिला वाटलं मी विनयाने म्हणतोय. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं असं मी आजवर स्वतःला समजावत होतो, पण छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.

खरं काय ते आता नीट लिहितो. शाळेत रोज सकाळी एका मुलाने पुढे उभं राहून धडा वाचायचा असे. मास्तर वाईट नव्हते, ती शाळेची पद्धतच होती. मला वाचता येत होतं. टेबलाखाली बसून मी पुट्टाला वाचून दाखवायचो, पोस्टकार्डं तुम्हाला वाचून दाखवायचो. पण उभं राहिलो की आवाज जायचा. जीभ टाळूला चिकटायची. घरचं मराठी, शाळेतलं कन्नड, दोन्ही एकदम पळून जायचं. मुलं ओरडायची, "मूगा! मूगा!" म्हणजे मुका. मग माझी पाळी यायची त्या आठवड्यात मी शाळेत जाणंच सोडलं. डबा घेऊन निघायचो आणि फुलबाजाराच्या मागे रिकाम्या टोपल्यांच्या आडोशाला बसायचो. आठव्या दिवशी मास्तर तिथे आले. देवाला हार घ्यायला आले असतील. त्यांनी मला पाहिलं, रागावले नाहीत. छत्री काखेत दाबून, गुडघ्यावर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "अप्पांना दे." चिठ्ठी उघडीच होती. मी वाटेतच वाचली. मुलगा मंद नाही, उभं राहून वाचायला भितो. उद्यापासून त्याला बसून वाचू देईन, वर्गाला मी सांगतो. त्याला पाठवा.

अशी चिठ्ठी होती, अप्पा. इतकी चांगली. पण "उद्यापासून" हा शब्द वाचताच मी चिठ्ठी मिटली. बसून वाचायचं तर सगळ्यांना कळणार की हा उभा राहू शकत नाही. मी दुकानात आलो. तुम्ही म्हणालात, "काय लिहिलंय, वाच." आणि मी वाचलं, "ह्याला शिक्षण झेपत नाही. कामाला लावा."

तुमचा पाय मशीनवर थांबलेला मला अजून दिसतो. चाक तसंच थोडं फिरत राहिलं. तुम्ही म्हणालात, "परत वाच." मी परत वाचलं, तेच शब्द, एकही न बदलता, कारण येताना मी ते पाठ केले होते. तुम्ही चिठ्ठी घेतलीत, घडी घातलीत, सदऱ्याच्या खिशात ठेवलीत आणि म्हणालात, "जेवलास?" दुसऱ्या दिवसापासून मी मशीनवर. तो खिसा वाकडा झाला तो त्यानंतरच्या महिन्यात. ज्या माणसाने बोटभर वाकडा खिसा मला झाकू दिला नाही त्याच्यापासून मी हे झाकलं, आणि तेही तुम्हाला वाचता येत नव्हतं म्हणून झाकता आलं. एवढं वाईट दुसरं काही मी आयुष्यात केलेलं नाही. मी पुष्कळ आठवून बघितलं.

उद्घाटनाच्या आधीच्या बुधवारी मी मठात गेलो. बनशंकरीला बस बदलायची होती तिथे दोन बस सोडल्या, बसायला जागा नाही असं स्वतःला सांगून. जागा होती. तो पाटावर बसला होता, शेजारी त्याचा एक शिष्य पत्रं वाचून दाखवत होता. मी नमस्कार केला आणि उठायच्या आधीच बोललो, कारण उठलो असतो तर बोललो नसतो.

"स्वामीजी, कार्डावरचं माझं ते काढून टाका."

"का? अक्षर बारीक झालं?"

"खरं नाही ते."

शिष्याला त्याने डोळ्याने बाहेर पाठवलं. मग मी सगळं सांगितलं, फुलबाजार, चिठ्ठी, दोनदा वाचलेलं. मी त्याचा चेहरा बघत होतो, आणि मला त्याच्या जागी टेबलाखालचा पुट्टाच दिसत होता, डोळे वटारलेला.

"अण्णा, मी तीस वर्षं ही गोष्ट सांगतोय. अमेरिकेत सांगून आलो."

"म्हणून तर आलो."

"तीस वर्षांनी?"

"आधी तू कार्ड कुठे छापलं होतंस!" मी ओरडलोच. मग माझ्या लक्षात आलं की मी स्वामींना तू म्हणालो, आणि मी कान पकडले. तो हसायला लागला. पांघरलेलं वस्त्र खांद्यावरून घसरलं तरी हसत होता. म्हणाला, "किती वर्षांनी तू म्हणालास रे अण्णा." मग डोळे पुसले आणि परत गंभीर झाला. मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. तुझा तो नियम, सगळी भावंडं घ्यायचा, तो ह्याच्यावर उभा आहे. आता त्याचं काय? माझ्यामुळे कुणाची थोरली मुलगी परत भांड्यांना जाणार असेल तर मी गप्प बसतो, मला काय, थोडीच वर्षं उरलीत.

तो म्हणाला, "नियम कशाला जाईल? त्या मुली तर खऱ्या आहेत ना. गोष्ट तेवढी चुकली. ती मी सांगितली, मीच उसवीन."

"चूक माझी आहे."

"मग दोघे बसू. पायरीवर. लोकांना दिसेल असे."

रविवारी सकाळी सात वाजल्यापासून मी तयार होऊन बसलो होतो आणि गाडी दहाला यायची होती. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही किती वेळा चप्पल बदलताय?" तीनदा बदलली. एक जोड चावते, एक जुनी दिसते, तिसरी तीच पहिली. वाटेत मला सारखं वाटत होतं की तो विसरेल, किंवा विसरणार नाही. दोन्हीची भीती सारखीच. मांडव भरला होता. मला पुढे खुर्ची दिली, शाल अंगावर घातली. मग तो बोलायला लागला, कन्नडमध्ये. म्हणाला, "ह्या शाळेत सोमवारी चूक सांगतात. आज रविवार आहे, पण माझी चूक मोठी आहे, तिला उद्यापर्यंत थांबवत नाही. एक गोष्ट मी तुम्हा सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगितली, आणि ज्याची गोष्ट त्याला एकदाही विचारलं नाही की असंच झालं का." मग त्याने माईक माझ्यासमोर ठेवायला लावला. मी उठायला लागलो तर म्हणाला, "बसूनच बोला, अण्णा."

मी बसून सांगितलं. फार नाही. शाळेची भीती होती, वडिलांना वाचता येत नव्हतं, मास्तरांची चांगली चिठ्ठी मी खोटी वाचली, भावासाठी मी काही सोडलं नाही. मला वाटलं आता शाल काढून घेतील. तेवढ्यात मागून एक बाई उठली, डोक्यावर पदर, कडेवर मूल, फुलं तोडणारी असावी, आणि तिने मोठ्याने विचारलं, "अज्जा, मग त्या चिठ्ठीचं काय झालं?" मी म्हटलं, वडिलांनी खिशात ठेवली. ती म्हणाली, "माझी पोरगी पण मला चिठ्ठ्या वाचून दाखवते." आणि शेजारच्या पोरीकडे बघितलं. पोरगी छताकडे बघायला लागली. सगळा मांडव हसला, अप्पा, आणि मीही हसलो.

धाकटा हसला नाही. तो त्या पोरीकडे बघत होता, नंतर त्या बाईकडे. मग तिथल्या तिथे म्हणाला, "आजपासून ह्या शाळेतून मुलाच्या हाती घरी चिठ्ठी जाणार नाही. सांगायचं असेल ते मास्तरांनी स्वतः घरी जाऊन, घरच्यांच्या समोर बसून सांगायचं. आणि कुणाला उभं राहून वाचायची भीती वाटत असेल तर सगळा वर्ग बसून वाचेल. मास्तरसुद्धा." एक तरुण मास्तर खुर्चीतून हळूच म्हणाला, "स्वामीजी, माझ्या वर्गात चाळीस घरं आहेत." तो म्हणाला, "चप्पल चांगली घ्या."

"मास्तरसुद्धा" म्हणाला तो. मी पाचवीत असताना कुणी असं म्हणालं असतं तर, असा विचार माझ्या मनात आला. मग मला आठवलं की म्हणालं होतं. चिठ्ठीत तेच लिहिलं होतं, जवळजवळ. ते वर्गापर्यंत पोचू दिलं नाही ते मी. आता ते पोचलं, इतक्या वर्षांनी, दुसऱ्याच मुलांपर्यंत, आणि पोचवणारा तुमचा मुलगा आहे. ज्याच्या अंगावर एक टाका नाही तो, अप्पा, आपल्या घरातला सगळ्यात चांगला शिंपी निघाला. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं आणि तुमच्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

एक गोष्ट मी मांडवात सांगितली नाही. त्या वर्षीच्या दसऱ्याला मास्तर नवीन कोट न्यायला दुकानात आले होते. वहीत छत्रीचं पान होतंच, पण ते आपल्याकडे येतात हे चिठ्ठी खोटी वाचताना माझ्या डोक्यातच आलं नाही, त्या वयात एवढं डोकं कुठलं. मी टेबलाखाली लपलो. तुम्ही मशीन थांबवलंत. दोघे एक कॉफी पिऊन होईपर्यंत हळू आवाजात बोललात. जाताना मास्तर म्हणाले, "सरी, तुमची मर्जी." ते गेल्यावर तुम्ही मला बाहेर बोलावलंत आणि काही न बोलता एका कोटाच्या बाह्या बसवायला दिल्यात. बाही बसवणं सगळ्यात अवघड, दोन वर्षं शिकल्याशिवाय तुम्ही कुणाला हात लावू द्यायचा नाहीत. आणि त्याच संध्याकाळी जेवताना, आईसमोर, पुट्टाच्या ताटात भात वाढत म्हणालात, "थोरल्याने तुझ्यासाठी शाळा सोडलीय. लक्षात ठेव." मी मान वर केली नाही.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं, असं मला वाटतं. मास्तरांनी सांगितलं असणार. आणि तुम्ही, उसवल्याशिवाय पुढे न जाणारे, माझ्यासाठी एकदा वरून कापड लावलंत, की पोराला कुणी मंद म्हणू नये. ते कापड इतकं चांगलं लावलंत की त्याच्यावर एक शाळा उभी राहिली. पण अप्पा, कळलं होतं तर मला परत का नाही पाठवलंत? मास्तर बसून वाचू देणार होते. मी गेलो असतो, रडत गेलो असतो, पण गेलो असतो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. म्हणून आज दुपारी, सून पलीकडच्या खोलीत कंपनीच्या फोनवर बोलत असताना, मी दार लावलं, तुमचा पांढरा सदरा खुर्चीच्या पाठीवर घातला, आणि हे सगळं तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं. उभं राहून. मधे दोनदा आवाज गेला, पाणी प्यायलो, परत सुरू केलं. ह्या वेळी जे लिहिलंय तेच वाचलं.

फक्त परत का नाही पाठवलंत, ही ओळ गाळली.